वसंतकाकांच्या आधीची माणसं

साठी ओलांडलेलं कुणीही दिसलं, मग ते लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर दवाखान्याच्या बाकावर, आमचे वसंतकाका सरकून शेजारी बसत आणि विचारत, "भैयाजी, हमारे घर में कभी रहे हैं क्या?" बहुतेक लोक उठून दुसरीकडे बसत.

काका आमचे शेजारी. झाशीच्या प्रेमनगरात भिंतीला भिंत लावून बांधलेल्या जुन्या घरांची एक ओळ आहे. त्यातलं शेवटचं घर त्यांचं. वीजखात्यातून निवृत्त झालेले. सुमनकाकू गेल्या आणि त्यानंतर त्यांनी हा उद्योग काढला: या घरात आपल्याआधी कोण राहून गेलं ते शोधायचं. कशाला, असं विचारलं की म्हणत, "पता तो लगाना पड़ेगा."

आत्मविश्वास दांडगा. छताला कडी दिसली: "पाळणा. म्हणजे लेकुरवाळं कुटुंब." मोरीत खिळा फार वर: "माणूस उंच होता. फौजी."

"काका, तो खिळा तुम्हीच मागच्या दिवाळीत ठोकलात," मी म्हटलं.

त्यांनी खिळ्याकडे नीट पाहिलं. "तरी फौजीच."

आणि निघाला फौजीच. म्हाताऱ्या दूधवाल्यानं सांगितलं, इथे एक सुभेदारसाहेब राहत. ते गेले, बायको आता इथून जवळच बबीन्याला लेकाकडे असते. दुसऱ्याच दिवशी काका मला घेऊन बसमध्ये बसले. विचारत विचारत पोचलो, तेव्हा सुभेदारांची बायको, म्हणजे अम्मा, अंगणात मटार सोलत होत्या.

"अम्मा, हम आपके घर में रहते हैं," काका म्हणाले.

अम्मांचे हात थांबले नाहीत. "तो रहो भैया. हम कौन खाली करा रहे हैं."

कडीला पाळणा नव्हे, कांद्यांची माळ टांगत, हेही तिथेच कळलं. काका जरा खट्टू झाले, पण अम्मांना रविवारचं जेवणाचं आमंत्रण देऊनच उठले.

अम्मा आल्या. काकांनी त्यांना खोली न् खोली दाखवली, प्रश्न विचारून विचारून दमवलं. शेवटी चहा घेताना त्या म्हणाल्या, "हमारी तो सब पूछ ली. आपके घर में कौन-कौन है?"

काकांनी कप खाली ठेवला. अख्खी झाशी पालथी घालणाऱ्या या माणसाला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"अब तो मैं ही हूँ. सुमन थी."

काकू गेल्यापासून त्यांच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नव्हतं. मग ते सांगू लागले. ग्वाल्हेरचं तिचं माहेर, लग्नात हरवलेली तिची चप्पल. ती भांडण मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची, कारण शेजाऱ्यांनाही कळायला हवं. अम्मा मधूनमधून नुसतं "फिर?" म्हणत होत्या.

चहावर साय धरली. मी कप उचलून गरम करायला उठलो, तर काकांनी माझा हात धरला.

"राहू दे. बस तूही. अजून तर आम्ही या घरात राहायलाही आलो नाही."