मामाजींनी प्लॉट साफ केला

"भेसळ पकडावी तर ह्या श्रीधरनं!" असं मी साहेबांसमोर छाती ठोकून सांगितलं, तिथेच माझं चुकलं.

साल १९७८. नागपुरात बियाणे तपासणीच्या ऑफिसात मी नवाच लागलो होतो, अजून कायम व्हायचं होतं. इतवारीच्या भैयाजी शेठचं संकरित कापसाचं बियाणं माझ्याकडे आलं. आता बियाण्याची जात नुसती सरकी पाहून कळत नाही. ती पेरायची, वाढवायची आणि फुलावर आली की परक्या जातीची झाडं मोजायची. माझ्या प्लॉटात चारशे झाडं होती. दोन महिने वही घेऊन रोज फिरलो, तेव्हा कुठे एकेचाळीस परकी झाडं हेरली! सोमवारी साहेब ती डोळ्यांनी पाहणार, बियाणं नापास होणार आणि मी कायम!

शनिवारी नरखेडहून माझे शेतकरी सासरे गणपतराव आले. लेकीच्या घरी फुकटचा घास खायचा नाही, हा त्यांचा बाणा. माझ्या बायकोनं, शामलेनं, ताट वाढलं तरी हात लावेनात.

"पहिले काम सांगा, जावईबापू!"

"बरं मामाजी, उद्या माझ्या प्लॉटातलं गवत काढा," मी वैतागून म्हणालो. रविवारी ते खुरपं घेऊन गेले, संध्याकाळी परतले आणि पोटभर जेवले. मीही खूश!

सोमवारी साहेब आले, भैयाजीही आले. मामाजीही हौसेनं माझ्यासोबत आले. मी ऐटीत प्लॉट दाखवला आणि वही उघडून परकी झाडं शोधायला लागलो. सगळी झाडं एकसारखी! परकं झाड औषधालाही नाही!

"क्या बात है!" भैयाजी ओरडले. "याले म्हणतात बियाणं! पास करा, साहेब!"

"तुमची एकेचाळीस कुठे गेली?" साहेबांनी मला विचारलं.

मागून मामाजी पुढे झाले. "भेसळ होय? ते तं म्या कालच उपटली नं जी! जावयाच्या वावरात भेसळ दिसली तं लोक काय म्हणतीन?"

"अहो मामाजी, तीच तर मोजायची होती!"

"मंग सांगाचं नाही काय, गवत काढा म्हणून काहून सांगतलं?"

"टाकली कुठे?"

"त्या बाभळीखाली ढीग आहे. शेजारची रंभाबाई बकरीले नेतो म्हणे."

मी धावलो! बकरी पोचलेलीच होती. तिच्या तोंडातून पहिलंच झाड मी ओढून काढलं. साहेबांनी एकेक झाड पानं-फुलं पाहून बाजूला ठेवलं, मग प्लॉटात जाऊन खड्डेही मोजले. दोन्हींचा आकडा एकच आला, त्रेसष्ट! भैयाजी छत्री उचलून चालते झाले.

"वाचलो!" मी म्हणालो.

साहेब माझ्या वहीकडे बघत होते. "ह्यांनी एका दिवसात त्रेसष्ट ओळखली. आणि तुम्ही दोन महिन्यांत एकेचाळीस?"

मी वही हळूच पाठीमागे लपवली. मामाजींना दया आली. "जाऊ द्या जी, साहेब. पोरगा नवा आहे, शिकून राहिला."

कायम झालो बरं का मी! फक्त ऑर्डर हातात देताना साहेबांनी बजावलं, "कापूस फुलावर आला की आधी नरखेडला पत्र टाकायचं. वही मग उघडायची!"