खांद्याचा गृहपाठ

ज्या उपचारात रुग्णाला स्वतः काहीही करावे लागत नाही तोच खरा गुणकारी, याबद्दल रुग्णांमध्ये आजवर कधी दुमत झालेले नाही. डॉक्टरांचे मत वेगळे असते. पण दुखणे त्यांचे नसल्यामुळे ते मत किती मनावर घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमचे सासरे पस्तीस वर्षे शाळेत होते, त्यांतली शेवटची चौदा मुख्याध्यापक म्हणून. गृहपाठ हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मुले गृहपाठ न करण्याची जी कारणे देतात त्यांचे त्यांनी चार गट पाडले होते : आजारपण, पाहुणे, वीज गेली, आणि 'केला होता पण वही घरी राहिली'. ('विसरलो' हा पाचवा गट त्यांनी नंतर रद्द केला. खरे बोलणाऱ्याला गट कशाला, असे त्यांचे म्हणणे.) निवृत्त झाल्यावर हाताखाली विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून ते घरच्यांना मार्गदर्शन करू लागले. मी जावई असल्यामुळे मला ते फक्त रविवारी मिळे.

अशाच एका मार्गदर्शनात अपघात झाला. सासूबाई वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना खाली उतरवले, स्टुलावर कसे चढू नये हे समजावून सांगितले, आणि मग प्रत्यक्ष करून दाखवले. प्रात्यक्षिक इतके हुबेहूब झाले की उजव्या दंडाच्या हाडाला तडा गेला.

हाडाने पुढे चांगले सहकार्य केले. चार आठवडे हात गळ्यात बांधलेला राहिला आणि हाड जुळून आले. अडून बसला तो खांदा. पट्टा सुटल्यावर हात छातीच्या वर जाईना. शर्ट घालायचा तर सासूबाई, भांग पाडायचा तर सासूबाई. ज्या माणसाने हजारभर मुलांची बटणे तपासली त्याची बटणे आता दुसरे कोणी लावत होते, आणि त्या वेळी ते खिडकीबाहेर बघत.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "सहा आठवडे व्यायाम करा," ते म्हणाले. "खांदा सुटला तर ठीक. नाहीतर भूल देऊन आम्हाला सोडवावा लागेल." सोडवणे म्हणजे काय हे त्यांनी हातवारे करून दाखवले. ओला टॉवेल पिळताना माणूस साधारण तसा दिसतो. सासऱ्यांनी त्याच दिवशी फिजिओथेरपीला नाव घातले.

फिजिओथेरपिस्ट बाई पस्तिशीच्या, हळू आवाजाच्या. दारातच म्हणाल्या, "सर, ओळखलंत? आठवी ब."

सासऱ्यांनी ओळखले. "गृहपाठाच्या बाबतीत तू तिसऱ्या गटातली."

"आमच्याकडे वीज खरंच जायची, सर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सरांचा हात धरून वर उचलला. (सरांनी दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरली.) मग त्यांनी भल्यामोठ्या कोनमापकाने हात मोजला. साठ अंश.

त्या खोलीत मिळणाऱ्या उपचारांची रुग्णांच्या मनातली क्रमवारी अशी : पहिला मान वायरी आणि लुकलुकणारे दिवे असलेल्या यंत्राचा. दुसरा गरम शेकाचा, कारण त्याखाली डुलकी लागते. तिसरा बाईंच्या हातांचा. त्यांनी दुखते, पण घरी जाऊन सांगण्यासारखे काहीतरी मिळते. आणि अगदी शेवटी, धरावेत की सोडावेत अशा अवस्थेत, घरी करायचे व्यायाम. बाईंची यादीही हीच होती. फक्त त्या ती खालून वर वाचत.

घरचे व्यायाम तीन होते. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायचा. ओणवे होऊन हात लंबकासारखा झुलवायचा. आणि काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर न्यायची. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाईंनी सोबत एक वही दिली. तिच्यात रकाने होते : तारीख, व्यायाम, किती वेळा, पालकाची सही.

"पालक?" सासऱ्यांनी विचारले.

"घरातलं मोठं कोणीतरी. काकूंची चालेल."

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी भिंतीवर बोटे चालवली. तिसऱ्या वेळी कळ आली. तेव्हा त्यांनी जाहीर केले की व्यायामामागचे तत्त्व आपल्याला समजले आहे. आता पद्धत पक्की व्हायला हवी. "तू करून दाखव," ते सासूबाईंना म्हणाले, "मी चुका काढतो." सासूबाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या, सासरे खुर्चीत बसले. "कोपर सरळ. खांदा कानाशी नेऊ नकोस. निम्म्यावर का थांबतेस? अंगचोरपणा नको. वर, अजून वर." सासूबाई ओठ दाबून हात वर नेत. आकडे त्या मनात मोजत.

पहिल्या तीन आठवड्यांची आकडेवारी पुढीलप्रमाणे : नेमून दिलेले व्यायाम अठराशे नव्वद. सासऱ्यांनी जातीने तपासलेले अठराशे नव्वद. सासऱ्यांनी स्वतः केलेले अकरा. वही मात्र एकही तारीख न चुकवता भरलेली, सहीसकट. (सासूबाईंच्या वतीने सह्या करायची सवय त्यांना लग्नापासूनच आहे. त्यामुळे या सहीला खोटी म्हणावे का, हा प्रश्न मी उघडाच ठेवतो.)

हात साठाचा पासष्ट अंशांवर आला. पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी बाईंना सांगितले की घरी पाहुणे होते. दुसऱ्या आठवड्यात अंगात कणकण होती. बाई दोन्ही वेळा नुसत्या "दुसरा गट" आणि "पहिला गट" म्हणाल्या आणि यंत्राच्या वायरी लावल्या. तिसऱ्या आठवड्यात वायरी लावून झाल्यावर त्यांनी वही मागितली.

"घरी राहि…" सासऱ्यांनी सुरुवात केली, पण ती त्यांच्या काखेत दिसत होती.

बाईंनी पाने उलटली. "सर, ही तर महिनाअखेरपर्यंत भरलीय."

"पुढची तयारी," सासरे म्हणाले. "रोज लिहिण्यात वेळ जातो, तो व्यायामाला मिळावा."

"आणि या महिन्यात एकतीस तारीख नसते, सर."

सासरे भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी ते बाईंना 'तू' म्हणत होते. आता म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

बाईंनी बाहेरच्या बाकावरून सासूबाईंना आत बोलावले. "काकू, सर घरी व्यायाम करतात का?"

"रोज तीनदा होतो की," सासूबाई म्हणाल्या. "करते ना मी."

"तुम्ही?"

"हे सांगतात, मी करते."

बाईंनी वही मिटली. "मला करून दाखवा बरं."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, भिंतीपाशी गेल्या आणि बोटे चालवू लागल्या. बोटे छातीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर गेली, आणि चित्रातल्या सांगाड्याच्या कवटीलाही मागे टाकून थांबली. बाईंनी कोनमापक लावला. मग पुन्हा लावला. दीडशे.

"खांदा छान आहे की तुमचा."

"आता झालाय," सासूबाई म्हणाल्या. "आधी निम्म्याच्या वर जायचाच नाही. अकरा वर्षं झाली असतील."

"अकरा वर्षं? कोणाला बोलला नाहीत?"

सासूबाईंनी विचार केला. तक्रारीचा सूर नव्हता. त्या खरोखर आठवून बघत होत्या. "कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि अडत नव्हतं तसं काही. वरचं काढायला स्टूल होतं ना."

सासऱ्यांनी स्वतःच्याच हाताने वायरी काढल्या. "म्हणून निम्म्यावर थांबत होतीस?" ते म्हणाले.

"हो."

"मी अंगचोरपणा म्हणालो."

"रोज तीनदा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी उचलली.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे मार्गदर्शनासाठी गेलो, तेव्हा खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. सासरे भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांची बोटे दिव्याच्या बटणापर्यंत पोचली होती आणि डोळ्यांत पाणी होते.

"सात," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी हात खाली आणून परत वर नेला. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "सात."

"सात मघाशी झालं."

"कोपर वाकलं होतं. सात."

सासऱ्यांनी पुन्हा सात केले. माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. दहा झाल्यावर ते धापा टाकत बसले आणि म्हणाले, "तुझं आणखी कुठे काही दुखतं का?"

सासूबाईंनी चष्मा पुसला. "वही आणा," त्या म्हणाल्या.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी सासऱ्यांचा हात एकशे चाळीस अंशांवर गेला आणि भूल देण्याचा बेत रद्द झाला. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा शर्ट स्वतः घातला. साडेचार मिनिटे लागली आणि एक बटण चुकीच्या काजात गेले. सासूबाईंनी ते पाहिले आणि तसेच राहू दिले. हाडांच्या डॉक्टरांना सासऱ्यांनी सांगितले की गुण खरा त्या दिव्यांच्या यंत्राचा.

ही हकीकत मी आजवर नऊ जणांना सांगितली. नऊही जण मनापासून हसले, आणि नऊही जणांना ती ताबडतोब आणखी कोणाला तरी ऐकवायची होती : सात जणांना वडिलांना, एकाला साहेबांना, एकाला शेजाऱ्याला. स्वतःला कोणालाच नाही. बायकोला तर मी ती चारदा सांगितली. वडील तिचे असले तरी सांगण्याची हातोटी माझी आहे. चौथ्या वेळी ती डाव्या हाताने उजवे मनगट दाबत ऐकत होती. मनगटाला काय झाले हे मी विचारणारच होतो, पण गोष्ट नेमकी रंगात आली होती.

तुम्हालाही ही घरात कोणाला तरी वाचून दाखवावीशी वाटेल. जरूर दाखवा. मात्र ऐकणाऱ्याचा हात कुठे आहे हे बघायला मध्येच मान वर करावी लागेल. तेव्हा तुमची ती वर होते का, एवढे आधी तपासून घ्या.