शेवटची जागा आणि दुसरं गिऱ्हाईक

खिडकी नसलेली खोली मी 'शांत' म्हणून विकलीय. पुलाखालचं घर 'मध्यवर्ती' म्हणून लोकांच्या गळ्यात मारलंय. घरांची दलाली करण्यात केस पांढरे झाले माझे! त्यामुळे कन्येला शाळेच्या शेवटच्या परीक्षेत एकेचाळीस टक्के पडले आणि घरात सुतकी चेहरे झाले, तरी मी निर्धास्त होतो.

"तू फक्त शेजारी बस," मुलाखतीला जाताना मी तिला बजावलं. "बोलायचं काम माझं."

"पण बाबा, मी उत्तर पाठ केलंय."

"पाठ केलेलं तुला परीक्षेत तरी कुठे आठवलं?"

हे मी बोलायला नको होतं. 

नर्सिंगच्या बाकी सगळ्या कॉलेजांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं होतं. उरलं होतं हे एकच. तिथल्या प्राचार्यबाई समोर बसून चष्मा पुसत होत्या.

"नर्सिंगच का गं?" त्यांनी कन्येला विचारलं.

तिनं तोंड उघडलं. पण त्याआधी मी उघडलं! "मॅडम, कमी मार्क म्हणजे वाढायला भरपूर वाव! शिवाय मुलगी हवेशीर... म्हणजे मनमोकळी आहे!"

"मी तिला विचारलं," बाई म्हणाल्या.

गिऱ्हाईक असं अडून बसलं की आमच्या धंद्यात एक हुकमी पत्ता असतो. दुसरं गिऱ्हाईक उभं करायचं! मी घड्याळात बघितलं. "जरा लवकर सांगितलंत तर बरं. आणखी दोन कॉलेजं हिच्या मागे लागलीत."

बाईंचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, जिंकलो!

"वा! सुटले मी. एकच जागा शिल्लक आहे हो. जिला दुसरीकडे कुठेच घेत नाहीत, तिच्यासाठीच ठेवतो ती आम्ही. बाहेर तशीच एक बसलीय."

मी घड्याळावर बाही ओढली. त्यात कन्या माझ्याकडे वळली. निकालानंतर पहिल्यांदाच हसत होती पोरगी.

"खरंच, बाबा? कुठली दोन?"

आता काय सांगणार, कपाळ! "नाहीत गं कुणी," मी म्हणालो. "मॅडम, ते सवयीनं तोंडातून गेलं. हिला कुणीच घेत नाहीये. शपथ!"

तिचं हसू तिथेच विझलं. बाईंनी चष्मा चढवला आणि ओल आलेली भिंत बघावी तसं माझ्याकडे बघितलं.

"विचार करून कळवते," त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो तशी बाकावरची मुलगी आत गेली. एकटीच.

जिना उतरताना कन्या म्हणाली, "आईचा पाय मोडला तेव्हा तिचं सगळं मी केलं. ते करताना मला बरं वाटायचं. एवढंच सांगायचं होतं."

मला पायऱ्या दिसेनात. खालच्या दाराशी ती थांबली. "पण त्या नाही म्हणाल्या नाहीत ना, बाबा? विचार करून कळवते म्हणाल्या."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. ते बोलून गेलेलं एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही.

"कळवतील की," मी म्हणालो.

तेव्हापासून माझा फोन तिच्याच हातात असतो. वाजला की धावत आणून देते आणि समोर उभी राहते. आणि फोन काय, सारखे येतायत! सगळ्यांना खोल्या हव्यात.