दोन खुर्च्या आणि एक ओळंबा

साल एकोणीसशे अडुसष्ट. पोलीस अ‍ॅक्शन होऊन वीस वर्षं झाली होती, आणि औरंगाबादेत माझ्याइतकी हुशार सून दुसरी नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! सातवी पास, वय तीस, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर जिभेवर तयार. प्रश्न दुसऱ्याला विचारलेला असला तरी!

त्या वर्षी मी एकच काम हातात घेतलं होतं. माझी नणंद उमा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पाढे मी घेतले, तिच्या वतीनं मास्तरांशी मीच भांडले. आता ती तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली, आणि पाच स्थळांनी नाकारलेली! का? तर पाहुण्यांनी काही विचारलं की ही सतरंजीची वीण बघत बसायची. दोन क्षण वाट बघून मग मीच उत्तर द्यायची. पाहुणे निघून जायचे.

"पोरीला न्यूनगंड आहे," मी जाहीर केलं.

"असंल," सासूबाई म्हणाल्या. "हिंग-ओवा देऊन बघ."

माझे यजमान केशवराव कचेरीत कारकून. घरात मोठा निर्णय घ्यायची वेळ आली की ते वर्तमानपत्र उंच धरत. ते त्यांनी धरलं. म्हणजे संमतीच!

औरंगपुऱ्यात एका सायकलच्या दुकानावर नवीन पाटी लागली होती : 'डॉ. पारगावकर. भीती, तोतरेपणा, न्यूनगंड. संमोहनाने खात्रीशीर उपचार.' मी उमाला घेऊन जिना चढले.

डॉक्टर पाटीपेक्षाही बारीक होते. खोलीत दोन खुर्च्या, आणि छताच्या हुकाला दोरीनं टांगलेला एक पितळी ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ना, तोच!

"पेशंट इथं बसेल," ते म्हणाले. "बाई, आपण बाहेर थांबा."

"बाहेर? लग्नाची पोर परक्या पुरुषासमोर एकटी? अहो, आम्ही गुलमंडीवर राहतो! संध्याकाळपर्यंत पाडव्याच्या गुढीसारखं आमचं नाव वर टांगलं जाईल!"

"मग त्या खुर्चीवर बसा. पण बोलू नका."

"मी कशाला बोलतेय? मी मुळात कमीच बोलते. लहानपणापासून—"

"बाई!"

मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसले. ओळंबा हलू लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. डॉक्टर लोण्यासारख्या आवाजात बोलू लागले, "मुली, पापण्या जड होताहेत. तू कुणापेक्षाही कमी नाहीस. यापुढं कुणी 'मुली, तुझं नाव काय' असं विचारलं, की तुझी पाठ ताठ होईल. नजर वर येईल. मनात जे आहे ते तू न घाबरता बोलशील."

उमाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी डोळे मिटले. बस, तेवढंच केलं.

जिना उतरताना उमा म्हणाली, "वहिनी, तुम्हाला झोप लागली होती."

"छे! मी चिंतन करत होते!"

"घोरत होता. तुम्ही खुर्चीवरून पडाल म्हणून मी तुमच्याकडंच बघत होते."

अशा तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा मी चिंतन केलं.

तिसऱ्या बैठकीनंतर आठवड्यानं कन्नड गावचं स्थळ सांगून आलं. मुलगा मुकुंद, तिथल्या शाळेत मास्तर. आदल्या दिवशी वालाच्या शेंगा निवडता निवडता उमानं मान वर न करता मला सांगितलं, "वहिनी, मी त्यांना बघितलंय. रविवारी इथल्या वाचनालयात येतात. एकदा मला हवं असलेलं पुस्तक त्यांनी घेतलं होतं, ते परत ठेवलं माझ्यासाठी." मग शेंग मोडत म्हणाली, "हे स्थळ मला आवडेल. पण कुणाला सांगू नका हं."

"माझ्या पोटात विहीर आहे!" मी म्हणाले.

रविवारी मंडळी आली. मुकुंदाचे वडील नानासाहेब म्हणजे पांढऱ्या मिशांचे, काळ्या टोपीचे भारदस्त गृहस्थ. पोहे झाले. उमा चहाचा ट्रे घेऊन आली आणि सतरंजीवर बसली. तिच्या शेजारी अर्थात मी. एकट्या मुलीला पाहुण्यांसमोर बसवायची आमच्यात पद्धत नव्हती.

नानासाहेबांनी घसा साफ केला. "मुली, तुझं नाव काय?"

माझी पाठ ताठ झाली! कुणीतरी मागून फळी ठोकावी तशी! नजर वर गेली, थेट नानासाहेबांच्या टोपीवर.

"अनसूया!" मी ओरडले. "मी कुणापेक्षाही कमी नाही!"

खोलीत चहाच्या घोटाचा आवाज झाला, तोही अर्धवट.

"शिक्षण?" नानासाहेबांनी गोंधळून विचारलं.

"सातवी! पुढं शिकवू म्हणून कबूल करून लग्न लावलं आणि तेरा वर्षं नुसत्या पोळ्या लाटून घेतल्या!"

केशवरावांनी वर्तमानपत्र शोधलं. ते मीच आवरून ठेवलं होतं.

"स्वयंपाक येतो," मी कुणी न विचारताच सांगितलं. "आवडत नाही! पुरण तर मुळीच नाही! सासूबाई चार वेळा वाटायला लावतात!"

"या अल्ला!" सासूबाई म्हणाल्या. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या त्या. फार घाबरल्या की तोंडातून हेच निघायचं.

गंमत म्हणजे मला सगळं ऐकू येत होतं. पलीकडच्या घरात कुणी बाई भांडतेय, आणि बरोबर भांडतेय, असं वाटत होतं!

"नाही, पण मुलगी नेमकी कोणती?" नानासाहेबांनी स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला विचारलं.

आणि तेव्हा उमा हसली. पाचही स्थळांपुढं कधी न हसलेली उमा पदर तोंडाला लावून खळखळून हसली. मुकुंदही हसला. मग तो थेट तिच्याकडं बघून म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं? तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

उमानं मान वर केली. सतरंजीकडं नाही, त्याच्याकडं बघितलं. तिचे ओठ उघडले. "मला—"

"तिला तुम्ही पसंत आहात!" मी म्हणाले. "दर रविवारी वाचनालयात बघते ना तुम्हाला! तुम्ही पुस्तक परत ठेवलंत तिच्यासाठी. सगळं सांगितलंय तिनं मला!"

आजच्या मुली यावर म्हणतील, मग काय झालं? अडुसष्ट सालच्या कन्नडला विचारा! नानासाहेब उठले. टोपी नीट केली. "केशवराव, मुलं आधीच भेटतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. येतो."

उमाचं हसू कुठं गेलं ते मला दिसलं नाही. ती ट्रे उचलत होती.

मी तशीच चपला घालून औरंगपुऱ्यात गेले. "डॉक्टर, तुमचं औषध भलत्यालाच लागलं!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. "बाई, संमोहनात माणूस दुसऱ्याचं बोलत नाही. आत असतं तेच बाहेर येतं. ओळंबा भिंत वाकवत नाही, कुठं वाकली आहे ते दाखवतो."

"आणि उमाचं?"

"ती एकदाही झोपली नाही. तिला न्यूनगंड नाहीच. मी तिला एकदा हळूच विचारलं, तू बोलत का नाहीस? म्हणाली, माझी बोलायची वेळच येत नाही."

उतरताना मला सायकलवाल्याच्या पंपाचा आवाज ऐकू येत होता. बाकी काही नाही.

इथंच संपलं असतं तर मी एवढी म्हातारी झाले नसते. पण आठव्या दिवशी मुकुंदाचं कार्ड आलं. कार्ड म्हणजे पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. 'वडिलांची समजूत मी घालीन. आपली इच्छा आपण स्वतः कळवावी. दोन ओळी पुरेत.'

उमा त्या दोन ओळी लिहायला बसली. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ती अजून पेन्सिल चावतेय! माझा जीव वरखाली. तो काय जन्मभर वाट बघणार आहे? मी बिघडवलं, मीच दुरुस्त करणार! चौथ्या दिवशी मी चार पानी पत्र लिहिलं. शिक्षण, स्वभाव, भरतकाम, सगळं! खाली सही केली : उमा. आणि पोस्टात टाकलं.

पाचव्या दिवशी सकाळी उमा कार्ड घेऊन आली. "वहिनी, लिहिलं. टाकून येते."

मला सांगावंच लागलं.

तिनं हातातलं कार्ड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक फळीवर.

आठवड्यानं माझं पत्र जसंच्या तसं परत आलं. दुसऱ्या पानावरच्या एका वाक्याखाली मास्तरांनी तांबड्या शाईनं रेघ मारली होती : 'मी कुणापेक्षाही कमी नाही.' समासात लिहिलं होतं, 'हा आवाज मी ऐकला आहे. ज्यांना विचारलं त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून नकार समजतो.'

मुकुंदाचं लग्न दिवाळीनंतर झालं. पुढं तो मुख्याध्यापक झाला; त्याच्या नातीचा फोटो एकदा पेपरात आला होता, उमानंच दाखवला. नानासाहेब शेवटपर्यंत गुलमंडीवरून गेले की आमच्या दाराकडं न बघता जात. डॉ. पारगावकर दोन वर्षांत गाव सोडून गेले. ओळंबा सायकलवाल्यानं दुकानात टांगून ठेवला. सासूबाईंनी त्या दिवसापासून मला पुरण वाटायला कधी सांगितलं नाही, आणि जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "शिकायचं राहिलं ना तुझं." केशवरावांनी तर दुसऱ्याच महिन्यात मॅट्रिकची पुस्तकं आणून वर्तमानपत्राखाली ठेवली होती. एकोणचाळिसाव्या वर्षी मी पास झाले. ते गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. म्हणजे उपचार सगळ्यांना लागू पडला, फक्त जिच्यासाठी केला तिला सोडून.

उमानं लग्न केलं नाही. कॉलेजात मराठी शिकवलं, पोरी तिच्या तासाला दारात उभ्या राहून ऐकायच्या म्हणतात. आता आम्ही दोघीच राहतो. ते पुस्तक अजून तिच्या फळीवर आहे. त्या दोन ओळी काय होत्या, ते पन्नास वर्षांत मी विचारलेलं नाही. बाकी सगळ्यांना सगळं विचारायचा धीर मला आहे!

मागच्या महिन्यात तिला डोळे तपासायला घेऊन गेले. दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

"उमा!" मी म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, त्यांना विचारलं."

मी जीभ चावली. उमानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्या मुलीला म्हणाली, "लिहून घे, बाळ. नाव बरोबर सांगितलंय वहिनींनी."