गुरवांचा टॉर्च आणि माझी कोलंबी

आमच्या बी विंगमधले गुरव भेटले की "कशा आहात?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "वहिनी, घरात काही बंद पडलंय का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. इस्त्री गेली, रेडिओ गेला असं काही सांगितलं की खुलतो. तुमच्या आजोबांच्या तेराव्याला आले होते, तेव्हाही निघताना दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "त्यांचं ते दाढीचं मशीन... चालू आहे का?"

मिहीर, ईरा, तुम्ही गेल्या खेपेला सिल्व्हर पार्कला आलात तेव्हा जिन्यात दिसले असतील. ठेंगणे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. मूळ गुहागरकडचे. काशीमीऱ्याच्या एका कारखान्यात वायरमन होते, आता निवृत्त. बंद वस्तू उघडतात, आतला एखादा भाग काढतात, उलटसुलट करून तपासतात आणि निकाल देतात, "जीव आहे अजून." तो भाग मग त्यांच्या खोक्यात जातो.

या सगळ्यातून ते दर वर्षी एक टॉर्च बनवतात. प्रत्येक टॉर्च आधीच्यापेक्षा प्रखर. यंदाच्या टॉर्चला काशीगावातल्या एका दुकानाच्या मोडक्या बोर्डातली एलईडीची पट्टी होती, स्कूटरच्या दिव्याची वाटी होती, प्लंबरने टाकलेला पाइप होता आणि माझ्या जुन्या कुकरची मूठ होती. सेल तुमच्या लॅपटॉपमधले, जो तुम्ही इथे टाकून गेलात तो. "सहापैकी चार जिवंत निघाले, वहिनी!" हे त्यांनी मला भर जिन्यात, बाळंतपणाची बातमी द्यावी तसं सांगितलं. तिथेच टॉर्च भिंतीवर मारून पाहिला, तेव्हा समोरच्या मेहताबेन दार उघडून म्हणाल्या, "अरे, शूटिंग चाले छे के शुं?"

मी सोसायटीची सेक्रेटरी. नियम म्हणजे नियम. लिफ्टमधल्या आणीबाणीच्या दिव्याची बॅटरी मेली, तेव्हा गुरव म्हणाले, "मी बसवतो की. सेल आहेत माझ्याकडे." मी म्हटलं, "सोसायटीच्या वस्तूला भंगार लागणार नाही. तीन कोटेशनं येऊ देत." दोन आली. तिसऱ्याची आम्ही तीन महिने वाट पाहत होतो.

त्यांचं खोकं चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये असे. ते आठ दिवसांत हलवावं अशी मी लेखी नोटीस दिली. त्यांनी नोटिशीच्या पाठीवर टॉर्चच्या वायरींची आकृती काढली. नवव्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावून खोकं उचलायला लावलं. गुरव दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली आणि खालून वॉचमन ओरडला, "मॅडम, लिफ्ट अटक गई! गुरव आंटी अंदर है!"

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्टचं डोकं आमच्याच मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराच्या काचेपर्यंत येऊन अडकलं होतं. आत मिट्ट काळोख. दिवा लागला नव्हता, तो का लागला नव्हता हे मला ठाऊक होतं. गुरवांच्या बायको, सुमनवहिनी, आतून जाळी बडवत होत्या. लिफ्टवाला फोनवर म्हणाला, "एक घंटा तो लगेगा." दार उघडायची किल्ली त्याच्याकडेच.

"सुमनवहिनी, घाबरू नका, येईल लाइट," मी काचेला तोंड लावून म्हटलं. बडवणं थांबलं. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला, भराभर, तुटक. बडवणं परवडलं असं वाटलं.

गुरव चौथ्यावरून उतरले. हातात टॉर्च, मागची बाजू उघडी, वायरी लोंबताहेत. "सरका, वहिनी." त्यांनी तो काचेला टेकवला आणि लिफ्टमध्ये भर दुपार झाली. सुमनवहिनी कोपऱ्यात बसून हाताने जमीन चाचपत होत्या.

"सुमन, हात वर धर. बांगड्या मोज."

"नाही हो दिसत!"

"उजेडात धर. मोज."

"एक... दोन..."

मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. इतक्यात जळका वास आला.

"याला पंखा नाही?" मी विचारलं.

"होता. कॉम्प्युटरचा. खोक्यात होता." एवढंच. मग म्हणाले, "पाच मिनिटं टिकेल. नंतर एलईडी जळणार."

"मग मधे मधे बंद ठेवा ना."

"बंद नाही करायचा!" गुरवांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मी घरात धावले. फ्रीजरमध्ये उत्तनच्या कोळणीकडून घेतलेली कोलंबी होती, पिशवीत दगडासारखी गोठलेली. ती नॅपकिनमध्ये गुंडाळून टॉर्चच्या पाठीवर, एलईडीच्या पट्टीमागच्या तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर दाबून धरली.

"हे काय?"

"कोलंबी."

"सोललेली?"

"गुरव, टॉर्च धरा!"

"धरलाय. पाणी वायरीवर येऊ देऊ नका."

कोलंबीचा बर्फ वितळला, मग बोंबील आणले. जिनाभर वास सुटला. मेहताबेन बाहेर आल्या, एका हाताने पदर नाकाला, दुसऱ्या हातात बर्फाचा ट्रे. "आ लो, बेन. मारी तरफ मत देखो, बस लगाओ." आत सुमनवहिनी मोजत होत्या. सहापर्यंत यायच्या, अडकायच्या. गुरव म्हणायचे, "परत पहिल्यापासून. घाई नाही." त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता, आवाज मात्र भाजी निवडताना गप्पा माराव्यात तसा.

लिफ्टवाला आला तोवर पाऊण तास झाला होता. त्याने लिफ्ट मजल्याला आणून दार उघडलं. सुमनवहिनी बाहेर आल्या आणि पॅसेजच्या त्या भर दुपारच्या उजेडातही त्यांनी आधी हात पुढे करून भिंत शोधली. ते मी पाहिलं. गुरवांचा तळवा भाजून लाल झाला होता, तेही पाहिलं.

संध्याकाळी मलम घेऊन वर गेले. सुमनवहिनींनी सवयीने अंदाज घेत चहा ठेवला.

"कमी उजेडात तिला दिसतच नाही," गुरव हळू आवाजात म्हणाले. "दर वर्षी थोडा जास्त उजेड लागतो. म्हणून दर वर्षी नवा टॉर्च. रोज सकाळी बांगड्या मोजायला लावतो. आठ आहेत. आठही दिसल्या की दिवस बरा जातो."

"आज?"

"सहा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उपाय नाही म्हणतात." सुमनवहिनी कप घेऊन आल्या. त्यांनी कप माझ्या हाताच्या जरा बाजूला धरला. गुरवांनी त्यांचं मनगट धरून तो नेमका माझ्यापुढे आणला आणि म्हणाले, "पण जीव आहे अजून."

तिसऱ्या कोटेशनची वाट न बघता लिफ्टच्या दिव्याला गुरवांचे सेल बसवा, असं मी त्याच दिवशी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर गेले. म्हटलं, "गुरव, माझा कॉम्प्युटर बंद पडलाय."

ते टेस्टर घेऊन आले. बटण दाबलं. कॉम्प्युटर छान सुरू झाला, आतला पंखा गुरगुरायला लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, हा तर चालू आहे."

"बंद पडलाय," मी म्हटलं. "सेक्रेटरी सांगतेय."

मग त्यांनी प्लग काढला आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर बाहेर घेतला.

म्हणून या वेळी तुम्हाला ईमेल नाही. वहीची पानं आहेत. माझं अक्षर लागत नसेल तर चांगल्या उजेडात धरून वाचा.