सुरक्षा सप्ताहाची समई

एका जंगलात, बाळांनो, खरजेची साथ आली. हरणे खाजवू लागली, रानडुकरे झाडांना अंग घासू लागली आणि खुद्द वाघमहाराज सिंहासनावर बसून, कोणी पाहत नाही असे समजून, पाठ घासू लागले. सर्वजण पाहत होते.

या साथीवर औषध करण्याचे काम मुंगूसबाईंकडे होते. जंगलाच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. करंजाच्या बिया कुटून त्या ॲसिटोन नावाच्या द्रवात भिजत घालीत आणि बियांतला गुणकारी अर्क त्यात उतरला की द्रव उडवून देऊन मलम करीत. मलमाची पहिली खेप तयार होत आली होती.

आता ॲसिटोन म्हणजे काय, हे नीट ऐका. मागच्या रांगेतल्यांनीही ऐकावे. ॲसिटोन दिसते पाण्यासारखे. परंतु ते पाणी नव्हे. झाकण उघडे राहिले तर ते आपोआप हवेत उडून जाते. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून वर न जाता जमिनीलगत सरपटते. सरपटत ती दूर जाते आणि कोठे ज्योत भेटली तर पेट घेऊन आल्या वाटेने परत येते. बंद खोलीत ती हुंगली तर डोके गरगरते. हातावर वारंवार घेतले तर कातडी कोरडी पडून भेगाळते.

म्हणून मुंगूसबाईंचे नियम कडक होते. झाकण घट्ट. खिडक्या उघड्या. हातमोजे आणि चष्मा घातल्याविना प्रवेश नाही. ज्योत, ठिणगी, विडी यांना बंदी. उरलेला द्रव मोरीत ओतायचा नाही. एकदा एक कोल्हा विडी ओढत आत आला, तेव्हा बाईंनी त्याला विडीसकट ओढ्यापर्यंत पिटाळले होते. त्यामुळे बाई कोणालाच फारशा आवडत नसत. मात्र प्रयोगशाळेला आग कधी लागली नव्हती, आणि जे घडत नाही त्याबद्दल कोणी आभार मानत नाही.

एके दिवशी महाराजांनी फर्मावले, "प्रयोगशाळेत सुरक्षा सप्ताह साजरा व्हावा."

बाईंना आनंद झाला. तो फार काळ टिकला नाही; कारण पाठोपाठ समारंभप्रमुख वानरराव आले. जंगलातला प्रत्येक समारंभ त्यांच्या हातून होत असे.

"बाई, सगळे ठरले आहे," वानरराव म्हणाले. "प्रमुख पाहुणे मयूरराव. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. आणि आरंभी दीपप्रज्वलन."

"कोठे?"

"इथेच, या टेबलासमोर. मागे तुमच्या काचेच्या नळ्या फोटोत छान दिसतील."

"वानरराव, या खोलीत काडीसुद्धा ओढायची नसते. समई बाहेर अंगणात लावा."

"अंगणात वारा असतो. समई विझली तर अपशकुन."

"मग दिवा लावू नका. फीत कापा."

वानरराव कानांवर हात ठेवून म्हणाले, "दिव्याशिवाय उद्घाटन? बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून क्षमा करतो. महाराजांना सांगू का, की मुंगूसबाईंचा सुरक्षेला विरोध आहे? या खोलीवर अस्वलाचा डोळा आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्याला मधाचे दुकान थाटायचे आहे."

बाईंनी मनाशी हिशेब केला. खोली गेली तर मलम जाणार होते. मलम गेले तर सारे जंगल खाजवत राहणार होते. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. ॲसिटोनच्या बरण्या आणि औषधाचे भांडे मी बाहेरच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करते. खिडक्या मात्र सताड उघड्या राहतील."

"राहतील, राहतील," वानरराव म्हणाले. ही त्यांची 'नाही' म्हणण्याची रीत होती.

समारंभाच्या दिवशी बाईंनी बरण्या कपाटात ठेवल्या. त्यांतली एक बरणी त्यांना हलकी लागली. त्या थबकल्या, परंतु तेवढ्यात दारातून हाक आली, "बाई, पाहुण्यांना ओवाळायला या!" आणि त्या गेल्या. तेथे थांबायला हवे होते. चूक ती चूकच. मग ती बाईंची का असेना.

बरणी हलकी का झाली होती? तर मुंगूसबाई काचेची भांडी त्या द्रवाने विसळतात आणि ती लखलखतात, हे वानररावांनी खिडकीतून पाहून ठेवले होते. पाहुण्यांसाठी फरशीही तशीच लखलखावी, असे त्यांच्या मनात आले. म्हणून बाई येण्याआधीच त्यांनी बरणीतला द्रव झाकणाच्या बादलीत ओतून ठेवला होता, आणि बाई ओवाळायला जाताच सगळी फरशी पुसून काढली. रिकामी होत आलेली बरणी त्यांनी तेव्हाच परत जागेवर ठेवली होती, कारण वानरराव शिस्तीचे होते. त्यांचे हात चुना लागल्यासारखे पांढरे पडले. "कष्ट केले की असे होतेच," असे ते स्वतःशी म्हणाले. मग दिवा विझू नये म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. वास येतोय असे वाटले, म्हणून उदबत्त्या आणल्या आणि त्या पाहुणे आल्यावर लावाव्यात म्हणून बाजूला ठेवल्या. वाळूच्या लाल बादल्या कोपऱ्यात उगाच पडून होत्या. त्यांतली वाळू काढून त्यांनी पुष्पगुच्छ ठेवले. आग विझवण्याच्या नळकांड्याला फीत बांधली. त्याचे अनावरण व्हायचे होते.

पाहुणे आले. मयूररावांचा पिसारा फरशीवरून सरसर सरकत आला. वाघमहाराज खुर्चीत बसले आणि त्यांनी खुर्चीला पाठ घासली. लहान प्राणी पुढे फरशीवर बसले. भाषण अद्याप सुरू झाले नव्हते, तरी कासवाला गुंगी आली. ससा म्हणाला, "माझे डोके गरगरते आहे."

"मान्यवरांच्या सहवासात तसे होते," वानरराव म्हणाले. "गप्प बस."

रांगोळीच्या मध्यभागी उंच समई होती. वानररावांनी दाराशेजारच्या उंच कोनाड्यात काडी ओढून मेणबत्ती पेटवली आणि ती उंच धरून मयूररावांच्या हाती दिली. मयूररावांनी मान उंचावून समईची पहिली वात लावली. टाळ्या वाजल्या.

त्याच वेळी ओवाळणीचे तबक ठेवून मुंगूसबाई आत आल्या. त्यांचे लक्ष भिंतीकडे गेले. भिंतीवर थर्माकोलची अक्षरे होती: 'सुरक्षा सप्ताह'. वानररावांनी त्याच ओल्या फडक्याने त्यांच्यावरची धूळ पुसली होती. अक्षरे उन्हातल्या लोण्यासारखी खचून भिंतीवरून ओघळत होती.

"वानरराव, ही अक्षरे कशाने पुसलीत?"

"तुमच्याच बरणीतल्या पाण्याने. थर्माकोल हलक्या प्रतीचे निघाले, त्याला मी काय करू?"

"ते पाणी नव्हे! पाहुणे, मेणबत्ती खाली आणू नका! तशीच उंच धरून बाहेर चला!"

मयूरराव म्हणाले, "बाई, मला अजून चार वाती लावायच्या आहेत." आणि खालच्या बाजूची वात नीट दिसावी म्हणून त्यांनी मेणबत्ती खाली आणली.

भप्पकन आवाज झाला. ज्योत फरशीवरून धावत सुटली आणि थेट पिसाऱ्याला भिडली.

"उठा! बाहेर! कासवाला उचला!" बाई ओरडल्या. हरणांनी दार उघडले. वानरराव सर्वांच्या पुढे होते. संयोजकाने पुढे असावेच लागते. बाई वाळूच्या बादलीकडे धावल्या, तर हाती शेवंती आली. त्यांनी सत्काराच्या तबकातली लोकरीची शाल ओढली, मयूररावांना तीत घट्ट गुंडाळले आणि दाराबाहेर लोळवले. परत येऊन त्यांनी नळकांड्याची फीत दातांनी तोडली, खीळ उपसली आणि ज्वाळेच्या मुळाशी पांढरी भुकटी फवारली. आग विझली.

तिच्याबरोबर समईही विझली.

दुसऱ्या दिवशी जांभळीखाली चौकशी झाली. महाराज खाजवत म्हणाले, "काल भर समारंभात समई कोणी विझवली?"

"मी, महाराज," बाई म्हणाल्या. "आगीसोबत विझली."

"ऐकलेत, महाराज?" मलम नसल्याने भेगाळलेल्या हातांवर फुंकर घालत वानरराव म्हणाले. "आग काय, लागते आणि विझते. परंतु उद्घाटनाची समई! आणि अनावरणाची फीत यांनी दातांनी तोडली!"

"मयूरराव, तुमचे काय म्हणणे आहे?"

मयूरराव उभे राहिले. पाठीमागे आता विशेष काही उरले नव्हते. ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "मला शाल मिळाली. नारळ मिळालाच नाही."

महाराजांनी बराच विचार केला, आणि पाठ झाडाला घासून घेतली. मग निकाल दिला. "अपशकुन मोठा आहे. त्यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेत अखंड नंदादीप तेवत ठेवावा. त्याची देखभाल मुंगूसबाई करतील."

"महाराज," बाई शांतपणे म्हणाल्या, "नंदादीप आणि ॲसिटोन एका खोलीत राहणार नाहीत. एकाला बाहेर जावे लागेल. मलमाला अजून आठवडाभर ॲसिटोन लागेल."

"मलम महत्त्वाचे आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी दोन्ही पंजांनी मान खाजवली. "परंतु दिवा शुभ आहे. ॲसिटोन बाहेर जाईल."

ॲसिटोन गेले. मलम अर्धवट राहिले. त्या प्रयोगशाळेत आता प्रयोग होत नाहीत, म्हणून अपघातही होत नाहीत. जंगलातील सर्वांत सुरक्षित प्रयोगशाळा म्हणून तिचा गौरव झाला. त्या सोहळ्याला सारे जंगल लोटले होते. वानररावांना पदक मिळाले. पण टाळी एकही वाजली नाही, कारण कोणाचाच हात मोकळा नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, ज्वालाग्राही द्रवाजवळ दिवा अवश्य लावावा. आग लागल्यास सर्वांचे प्राण वाचवण्यास हरकत नाही. मात्र ते करताना दिवा विझणार नाही, याची पुरेशी काळजी घ्यावी.