दत्तोपंतांची कोपऱ्यातली खोली

खोली भाड्याने देण्याआधी दत्तोपंत भाडेकरूच्या जुन्या बिऱ्हाडाच्या भिंती बघून येत. माणूस खोटं बोलेल, भिंत बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडेही असेच एका सकाळी आले, चहा घेतला आणि भिंतीवरून हात फिरवत खिळे शोधू लागले. एकच सापडला, त्याला कॅलेंडर होतं. "मास्तर, शाळेत शिकवता आणि तारीख लक्षात राहत नाही?" एवढं बोलून त्यांनी मला खोली दिली. अट अर्थातच खिळा न ठोकण्याची.

पंत नगरच्या कोर्टात कारकून होते. जन्मभर घरांवरून चाललेले दावे ऐकले आणि पेन्शनीत निघाल्यावर स्वतःच माळीवाड्यापलीकडे पाच खोल्या बांधल्या. एकीत ते राहत, बाकीच्या भाड्याने. त्यांच्या मेहुण्याने सोनं घ्या म्हणून डोकं खाल्लं होतं. पंतांचं उत्तर ठरलेलं, "सोनं पेटीत झोपा काढतं. खोली कामाला जाते." पत्नी वारल्यापासून स्वयंपाक मात्र ते स्वतःच्या हातानं करीत आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

महायुद्धामुळे नगरात लष्कराची वर्दळ वाढली, खोल्यांना भाव आला, आणि गाठीला चार पैसे असलेल्या प्रत्येकाला चाळ बांधायची हुक्की आली. अशी मंडळी पंतांकडे सल्ल्याला येत. पंत त्यांना माळवदाच्या छतावर दरसाल पसरायची पांढरी माती, म्युनिसिपालिटीची घरपट्टी, भाडं बुडवून रातोरात पसार होणारे महाभाग, सगळं साग्रसंगीत ऐकवत. "वर्षाला दहाच महिन्यांचं भाडं धरा. बारा धरणारा घर बांधत नाही, हवेत मनोरे बांधतो. आता सांगा, हाती काय उरतं?" पाहुणा घाम पुसत घरी जाई.

अशात त्यांच्या शेजारची, कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. लगेच एक लष्करी ठेकेदार आला. त्याला गोण्या ठेवायला जागा हवी होती. भाडं दुप्पट, तेही वर्षाचं आगाऊ. चूल नाही, धूर नाही, पोरं नाहीत. असा भाडेकरू पंतांच्या स्वप्नातसुद्धा आला नसेल.

त्याच दुपारी शेवगावकडचं एक जोडपं आलं. नवरा नुकताच लष्करी कारखान्यात कामाला लागलेला, बायको सगुणा पोटुशी. पंतांनी नवऱ्याला विचारलं, पगार कायम आहे का? तो खाली बघू लागला. मग सगुणाच बोलली.

"पयलं लेकरू गावाकडं गेलं, बाबा. दवाखाना लई लांब हुता. हितं जवळ हाय, म्हून आलो. दुसरीकडं कुनी उभं करत न्हाई."

उद्या सांगतो, म्हणाले पंत. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी माझ्यासमोर बोटांवर हिशेब केला. काही केलं तरी ठेकेदारच सरस ठरत होता. पोरीसाठी जीव हळहळला, पण हिशेबात खोट काढायची माझी काय प्राज्ञा?

सकाळी बघतो तर कोपऱ्यातल्या खोलीत सगुणाची भांडी लागत होती. मी विचारलं, तर पंत म्हणाले, गोण्यांनी उंदीर होतात, उंदीर भिंती पोखरतात. मला ते तंतोतंत पटलं. पंतच ते.

पुढे एका रविवारी मी भाडं द्यायला गेलो. पंतांचा स्वयंपाक तयार होता, ताट वाढून झाकलेलं होतं, आणि स्वतः पंत कोपऱ्यातल्या खोलीला लागून असलेल्या भिंतीला टेकून नुसते बसलेले. जेवण व्हायचंय का, विचारलं, तर त्यांनी हातानेच थांबा म्हटलं. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. ताटल्या वाजल्या, सगुणा नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तेव्हा पंतांनी आपलं ताट पुढे ओढलं.

मी म्हटलं, "पंत, ठेकेदाराचं भाडं दुप्पट होतं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ही गेल्यापासून एकट्यानं घास उतरत नव्हता," ते म्हणाले. "गोण्या जेवत नाहीत, मास्तर."